बत्तीस वर्षांचा अबोला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



रेडिओवर गोल दाखवता येत नाही, सांगावा लागतो. म्हणून सुरुवातीलाच एक गोल सांगतो. तारीख 9 फेब्रुवारी 1980, शनिवार. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉर्विच शहरात यजमान संघासमोर लिव्हरपूल उभं आहे, म्हणजे त्या काळचा तिथला सर्वांत बलाढ्य क्लब. पेनल्टी क्षेत्राच्या रेषेजवळ एका उंच, कृष्णवर्णीय पोराकडे चेंडू येतो. त्याची पाठ गोलकडे आहे. उजव्या पायाच्या नुसत्या स्पर्शाने तो चेंडू हवेत उचलतो, त्याच झोकात गर्रकन वळतो आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत डाव्या पायाने असा हाणतो, की गोलरक्षक रे क्लेमन्सच्या आवाक्याबाहेरून तो लांबच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. पोरगा फक्त एक बोट वर करतो. नॉर्विचने तो सामना 5-3 असा गमावला, पण बीबीसीने हा गोल त्या हंगामातला सर्वोत्तम ठरवला. पोराचं वय 18 वर्षं. नाव जस्टिन फॅशनू.

आज मला बोलायचं आहे ते या फॅशनूबद्दल, आणि पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये जिचं नाव काढायचं नसतं त्या गोष्टीबद्दल, म्हणजे समलिंगी खेळाडूंबद्दल. विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज कमी झाला असेल. हरकत नाही. कमी आवाजातही ऐकू येईल असं बोलायचा प्रयत्न करतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की माणूस लग्नाचं आमंत्रणही टाळतो. 1981 च्या सप्टेंबरात मी कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेलो. गाव निवडलं ते अभ्यासासाठी, असं घरी सांगितलं होतं. खरं कारण होतं नॉटिंगहॅम फॉरेस्ट. ट्रेंट नदीच्या काठावरच्या या क्लबने 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन चषक जिंकला होता. त्यांचा प्रशिक्षक ब्रायन क्लफ हा माझा देवच होता म्हणा ना. फटकळ, हुकूमशहा, पण सामान्य खेळाडूकडून असामान्य खेळ काढून घेणारा. मी जायच्या महिनाभर आधीच त्याने फॅशनूला नॉर्विचकडून दहा लाख पौंडांना विकत घेतलं होतं. एवढी किंमत मिळालेला इंग्लंडमधला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू.

फॅशनूचं बालपण सोपं नव्हतं. वडील नायजेरियाचे, आई गयानाची. घर मोडलं आणि जस्टिन व धाकटा भाऊ जॉन अनाथालयात आले. तिथून त्यांना नॉरफोकमधल्या एका गोऱ्या जोडप्याने सांभाळायला नेलं. नॉर्विचसाठी त्याने लीगच्या 90 सामन्यांत 35 गोल केले. फॉरेस्टमध्ये आल्यावर 32 सामन्यांत फक्त 3.

हे असं का झालं, याची चर्चा नॉटिंगहॅमच्या पबांमध्ये रोज चाले. कुणी म्हणे किमतीचं ओझं झालं, कुणी म्हणे क्लफच्या पद्धतीत तो बसत नाही. आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून डोळा मिचकावे. फॅशनू रात्री कुठल्या क्लबमध्ये जातो म्हणे, ठाऊक आहे का?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या शहरात रात्री एकटं चालताना मला स्वतःला शिव्या ऐकाव्या लागत. आम्हा सगळ्या सावळ्या लोकांना तिथली टवाळ पोरं ‘पाकी’ म्हणत, मग तुम्ही कोल्हापूरचे असा की कराचीचे. मैदानात कृष्णवर्णीय खेळाडूकडे कुणी केळं फेकलं, माकडासारखा आवाज काढला, की माझं रक्त उसळे. फॉरेस्टचाच व्हिव्ह अँडरसन हा 1978 साली इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याचा मला कोण अभिमान! पण पबमध्ये फॅशनूवरचा तो दुसऱ्या प्रकारचा विनोद झाला की सगळ्यांत मोठ्याने मी हसत असे. तो विनोद मला समजावून सांगावा लागत नसे. आमच्या स्टेडियमवरही कुणी टॅकल चुकवला की आरोळी येतेच, ‘बांगड्या भर!’ भाषा तेवढी वेगळी. शिवाय त्या एका हसण्यापुरता मी त्या गोऱ्या लोकांतला एक होत असे. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

तिकडे क्लफच्या कानावर त्या गोष्टी गेल्याच होत्या. त्याने फॅशनूला कसं बोलावून घेतलं आणि तसल्या क्लबमध्ये कशाला जातोस म्हणून कसं फैलावर घेतलं, ते त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं आहे. आणि शब्द सभ्य नाहीत. पुढे त्याने फॅशनूला सरावाला यायची बंदी केली. तो तरीही आला, तेव्हा त्याला बाहेर काढायला पोलीस बोलावले. दहा लाखांचा खेळाडू 1982 साली दीड लाख पौंडांना विकला गेला, तोही नदीपलीकडच्या नॉट्स काउंटीला. इंग्लंडमध्ये इतकी जवळजवळ असलेली दोन मैदानं दुसरी नाहीत. म्हणजे गडी फार लांब गेला नाही, फक्त नजरेआड झाला. क्लफ दुष्ट होता असं मला आजही म्हणवत नाही. तो त्याच्या काळाचा होता, आणि मीही होतो. पण सगळ्या संघाची बोलण्याची पद्धत ज्याच्या एका शब्दावर ठरते, त्याने काळाकडे बोट दाखवून सुटावं का?

मी 1984 साली परतलो. फॅशनूचा गुडघा दुखावला, तो अमेरिका, कॅनडा करत फिरत राहिला. मग 22 ऑक्टोबर 1990 रोजी लंडनच्या ‘द सन’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्याने जाहीर केलं, की मी समलिंगी आहे. व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना असं उघडपणे सांगणारा तो पहिलाच. भाऊ जॉन तोवर विंबल्डनचा नावाजलेला खेळाडू झाला होता. त्याने मुलाखत देऊन भावाला जाहीरपणे दूर लोटलं. जस्टिनने तोंड उघडू नये म्हणून आपण त्याला मोठी रक्कम दिली होती, हेही जॉनने पुढे सांगितलं. सख्ख्या भावाला!

फॅशनू साधुसंत नव्हता, हेही सांगायला हवं. वर्तमानपत्रांना त्याने खोट्यानाट्या गोष्टी विकायचा प्रयत्न केला, त्यापायी 1994 मध्ये स्कॉटलंडच्या हार्ट्स क्लबने त्याला काढलं. पण एक गोष्ट लोक विसरतात. जाहीर केल्यानंतरही तो टॉर्की युनायटेडकडून दोन हंगाम खेळला, गोल केले. खालच्या पातळीवरच्या क्लबात का होईना, लोकांनी त्याला खेळताना पाहिलं आणि आभाळ कोसळलं नाही. प्रेक्षक टोमणे मारत, तो ऐकत असे, आणि खेळत असे.

1998 साली अमेरिकेत एका 17 वर्षांच्या मुलाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. तो इंग्लंडला निघून आला. त्या तक्रारीचा न्यायालयात कधीच निकाल लागला नाही, कारण मे 1998 मध्ये लंडनमध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की आपल्याला आधीच दोषी ठरवलं गेलं आहे. वय 37. मी ती बातमी कोल्हापुरात, क्रीडापानाच्या तळाशी, चार ओळींत वाचली. तो गोल आठवला. मग ते हसणंही आठवलं.

त्यानंतर इंग्लंडमधल्या ड्रेसिंग रूमना जणू धडाच मिळाला: बोललास तर तुझा फॅशनू होईल. फॅशनूच्या जाहीर कबुलीनंतर तिथल्या एकाही खेळत्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने 2022 सालापर्यंत हे वाक्य उच्चारलं नाही. बत्तीस वर्षं! या काळात हजारो खेळाडू आले आणि गेले. त्यांत कुणीच समलिंगी नव्हता, यावर विश्वास ठेवायचा तर शाळेतलं गणित विसरायला लागेल.

आता कुणी विचारेल, की न बोलता खेळावं ना, खासगी गोष्ट चव्हाट्यावर कशाला? मीही असंच म्हणत असे. माझं मत बदललं ते ग्रॅम ल सोमुळे, आणि गंमत म्हणजे हा माणूस समलिंगी नाहीच. चेल्सीचा आणि इंग्लंडचा डाव्या बाजूचा बचावपटू. बायको, मुलं, सगळं रीतसर. त्याचे गुन्हे दोन-तीन. तो ‘गार्डियन’ वाचत असे, त्याला जुन्या वस्तूंची आणि चित्रांच्या प्रदर्शनांची आवड होती, आणि 1991 च्या उन्हाळ्यात तो संघातल्या एका मित्राबरोबर गाडी घेऊन युरोपात तंबूत राहण्याच्या सहलीला गेला होता. एवढ्यावर ड्रेसिंग रूममध्ये कुजबूज सुरू झाली, ती स्टँडमध्ये पोचली, आणि पुढे वर्षानुवर्षं मैदानामैदानांत हजारो लोक त्याच्या नावाने अर्वाच्य गाणी म्हणत राहिले. 27 फेब्रुवारी 1999 रोजी चेल्सीच्या मैदानावर लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने त्याच्याकडे पाठ करून, वाकून, हाताने खुणा करून सगळ्यांदेखत त्याला हिणवलं. ल सो फ्री किक घ्यायला थांबला. पंचांनी पिवळं कार्ड कुणाला दाखवलं? ल सोला. वेळ काढतो म्हणून! पुढे त्याचाही तोल गेला, त्याने फाउलरला कोपर हाणलं. फुटबॉल संघटनेने नंतर दोघांनाही शिक्षा केली. फाउलरवर सहा सामन्यांची बंदी आली, पण त्यातले चार सामने वेगळ्याच एका आचरटपणाबद्दल होते. या हिणवण्याची किंमत ठरली दोन सामने.

माझ्या दृष्टीने सगळा मामला इथे उघडा पडतो. जो समलिंगी नाही त्याची ही गत, तर जो आहे त्याने काय हिशेब करावा? त्याला कुणी तोंडावर सांगायची गरजच नसते. तो ल सोकडे पाहतो आणि गप्प बसतो.

आणि गप्प बसणं हे नुसतं न बोलणं नसतं. हे क्लब सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना करारावर बांधतात. बस, हॉटेलची खोली, अंघोळ, जेवण, सगळं एकत्र. दिवसभर थट्टामस्करी चालते, आणि ती बहुतेक बायकांवर किंवा ‘तसल्या’ लोकांवर. त्यात हसावं लागतं. सोमवारी सकाळी रविवारी काय केलंस याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. कुणाला तरी मैत्रीण म्हणून पार्टीला न्यावं लागतं. दोन वर्षांनी करार संपतो, नवा क्लब, नवी ड्रेसिंग रूम, पुन्हा पहिल्यापासून सगळं. कदाचित तो क्लब अशा देशातला, जिथे कायद्यानेच हा गुन्हा आहे. विम्याचा हप्ता भरावा तसं रोज थोडं खोटं भरत राहायचं, आणि हे सगळं सांभाळून पेनल्टीही मारायची.

उरलेल्यांचं काय? 2010 च्या सुमारास इंग्लिश फुटबॉल संघटनेने या टिंगलीविरुद्ध एक छोटी चित्रफीत काढली. तिच्यात दिसायला एकही नावाजलेला खेळाडू तयार झाला नाही. म्हणजे ज्यांना लपवण्यासारखं काही नव्हतं, तेही कॅमेऱ्यासमोर ‘हे बरोबर नाही’ एवढं म्हणायला धजावले नाहीत. आपल्यावर कुणी शंका घेईल, ही भीती! शेवटी वेम्बलीवरचा त्याच्या प्रकाशनाचा कार्यक्रमच रद्द झाला.

जर्मनीचा थॉमस हिट्झल्सपर्गर बोलला तो निवृत्त झाल्यावर, जानेवारी 2014 मध्ये. देशासाठी 52 सामने खेळलेला, 2007 साली श्टुटगार्टकडून जर्मन लीग जिंकलेला हा गडी. डाव्या पायाचा फटका असा, की इंग्लंडमध्ये त्याला ‘हातोडा’ म्हणत. नाजूकपणाच्या आपल्या सगळ्या कल्पना या हातोड्याखाली ठेवून पाहाव्यात. अमेरिकेचा रॉबी रॉजर्स 2013 मध्ये आधी जाहीर करून निवृत्तच झाला, वय अवघं 25. काही महिन्यांत त्याला वाटलं, मी पळतोय कशाला? तो लॉस एंजेलिस गॅलक्सीकडून परत मैदानात उतरला आणि 2014 चा अमेरिकी लीगचा चषकही जिंकला. ऑस्ट्रेलियात ॲडलेड युनायटेडच्या जॉश कव्हालोने ऑक्टोबर 2021 मध्ये जाहीर केलं. जगभरच्या नामवंत खेळाडूंनी पाठ थोपटली, आणि तीन महिन्यांच्या आत मेलबर्नमधल्या सामन्यात प्रेक्षकांतून त्याला शिवीगाळही झाली.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो जेक डॅनियल्स. ब्लॅकपूल क्लबचा 17 वर्षांचा पोरगा. 16 मे 2022 रोजी त्याने सांगितलं, आणि ती बत्तीस वर्षं संपली. मुलाखतीत तो जे बोलला त्यातला एक तपशील मी विसरू शकत नाही. त्याने आधी आईला आणि बहिणीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात चार गोल केले. चार! प्रशिक्षक म्हणून मला त्या चार गोलांचा अर्थ कळतो. पायातलं वजन उतरलं की पोरगं कसं पळतं, ते मी पाहिलं आहे. त्याच्या संघातल्या मुलांनी काय केलं? प्रश्न विचारले, आणि आधीच का नाही सांगितलंस म्हणाले.

आता वाटेल की दार उघडलं. तसं काही झालेलं नाही. झेक प्रजासत्ताकाचा याकुब यांक्तो 2023 मध्ये बोलला, आणि त्यानंतर इटलीच्या वरच्या लीगमध्ये खेळलाही. पण 1992 साली सुरू झालेल्या प्रीमियर लीगमध्ये खेळत असताना असं सांगणारा एकही खेळाडू अजून पुढे आलेला नाही. जर्मनीत मार्कुस उर्बान नावाचा माजी खेळाडू आहे, पूर्व जर्मनीतला एकेकाळचा होतकरू मोहरा, ज्याने ही लपवाछपवी असह्य होऊन तरुणपणीच खेळ सोडला. त्याने 17 मे 2024 हा दिवस ठरवून दिला होता, की सगळ्यांनी एकत्र सांगा म्हणजे एकट्यावर भार येणार नाही. तारीख आली आणि गेली. मोठ्या लीगमधलं खेळतं नाव कुणीच दिलं नाही. महिला फुटबॉलमध्ये मात्र विश्वचषकाला अशा डझनावारी खेळाडू उघडपणे येतात, कप्तान होतात, चषक उचलतात. चेंडू तोच, नियम तेच.

प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असं क्लबवाले म्हणतात. मला हे पटत नाही. प्रेक्षक हा काही जन्मतः एकसुरात ओरडत नसतो. कृष्णवर्णीय खेळाडूंवर फेकली जाणारी केळी थांबली ती पंच, क्लब आणि संघटना यांनी ते मनावर घेतल्यावर. तीही पूर्ण थांबलेली नाहीत, पण मी 1981 साली पाहिलेलं आणि आजचं यांत फरक आहे. म्हणजे करता येतं.

हे सगळं मी इंग्लंडबद्दल बोलतो आहे, ते सोपंही आहे. पण प्रशिक्षक म्हणून पाहिलं आहे असं मघाशी म्हणालो, तर तेवढंही सांगून टाकतो. परत आल्यावर मी बरीच वर्षं संध्याकाळी शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवत असे. 1996 च्या आसपास माझ्याकडे एक लेफ्ट आउट होता. काय पळायचा! चेंडू पायाला चिकटवून रेषेरेषेने जायचा आणि कोपऱ्यातून असा सेंटर द्यायचा की नुसतं डोकं लावायचं काम. आवाज जरा बारीक, बोलणं हळू. पोरांनी त्याला एक नाव पाडलं होतं. ते इथे सांगत नाही. एका संध्याकाळी त्याच्या बुटात कुणीतरी हिरव्या बांगड्या भरून ठेवल्या. त्याने त्या काढल्या, कडेला ठेवल्या, नाड्या बांधल्या. सगळे हसले. मी शिट्टी वाजवली आणि म्हणालो, ‘चला, दोन राउंड मारा.’ बस्स, तेवढंच. पंधरा दिवसांनी तो यायचा बंद झाला. वार्षिक परीक्षा आली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाबद्दल निकाल दिला. त्या आठवड्यात मला एक फोन आला. ‘सर, ओळखलं का?’ बारीक आवाज, हळू बोलणं. ओळखलं. पुण्यात नोकरी करतो. घरी सांगून झालं होतं. आई आता बोलते म्हणाला, वडील अजून नाही. हे सगळं त्याला विचारूनच तुम्हाला सांगतो आहे. इकडचं तिकडचं झालं, मग तो म्हणाला, ‘सर, त्या बांगड्या कुणी ठेवल्या होत्या, तुम्हाला माहीत होतं ना?’

मी ‘हो’ म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प होता. मला नॉटिंगहॅमचा तो पब आठवत होता, पण फोनवर ते सगळं कुठून सुरू करणार? शेवटी मी विचारलं, ‘खेळतोस का रे अजून?’

‘रविवारी खेळतो सर, ऑफिसच्या पोरांबरोबर. पण आता राइट आउटला. डावा गुडघा दुखतो.’